संगणकातले जुने खेळ : ते काय शिकवत होते आणि आजच्या संगणकावर कसे चालवायचे



दुसरी-तिसरीच्या मुलांना पहिल्यांदा संगणकासमोर बसवलं की हल्ली एक गोष्ट हमखास दिसते. मूल माउसकडे बघतच नाही, सरळ पडद्याला बोट लावतं. बोट सरकवून बघतं आणि काही हललं नाही की आपल्याकडे बघतं. घरच्या मोबाइलवर ही मुलं आपल्यापेक्षा सराईत असतात. पण हात टेबलावर फिरवायचा आणि बाण मात्र पडद्यावर फिरतो, हे त्यांच्या हाताला माहीत नसतं. दोनदा क्लिक करा म्हटलं की दोन क्लिकच्या मधे माउस सरकतो. बटण दाबून धरून ओढा म्हटलं की बटण अर्ध्या वाटेत सुटतं.

गंमत अशी की साधारण पस्तीस वर्षांपूर्वी हीच अडचण मोठ्या माणसांना होती. तोपर्यंत संगणक म्हणजे काळा पडदा आणि कळफलकावरून टाइप करायच्या आज्ञा. विंडोज आलं आणि एकदम बाण, खिडक्या, छोटी चित्रं यांचं राज्य सुरू झालं. ज्यांनी आयुष्यभर टाइपरायटर बडवला त्यांच्या हातात माउस आला. त्यांना शिकवलं कोणी? पुस्तकाने थोडं, प्रशिक्षणाने थोडं, आणि मोठा वाटा त्या संगणकातच आयत्या आलेल्या पत्त्यांच्या खेळाने उचलला. आपल्याकडेही एमएस-सीआयटीच्या वर्गात बसलेल्या कित्येकांचा हात माउसवर बसला तो सॉलिटेअर खेळूनच. वर्गात सर बाहेर गेले की सगळ्या पडद्यांवर हिरवं टेबल दिसायचं, हे आठवत असेल.

म्हणून आजच्या लेखात दोन गोष्टी घेऊ. हे खेळ नेमकं काय शिकवत होते आणि आपण वर्गात त्यांचा कसा उपयोग करू शकतो, ही पहिली. आणि शाळेत नवा संगणक आला की जुना खेळ किंवा जुनी शैक्षणिक सीडी का चालत नाही, चालवायची तर कशी, ही दुसरी. दुसरा भाग थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका, आपल्याला प्रोग्राम लिहायचा नाही.

सॉलिटेअर

विंडोज ३.० हे मे १९९० मध्ये बाजारात आलं आणि त्यासोबत सॉलिटेअर आलं. ते लिहिणारे वेस चेरी हे १९८८ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टमध्ये इंटर्न म्हणून काम करत होते. फावल्या वेळात हौसेने त्यांनी हा खेळ लिहिला. त्याबद्दल त्यांना रॉयल्टी वगैरे काही मिळाली नाही. पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांनी काढली. ॲपलच्या मॅकिन्टॉश संगणकावरची सुरुवातीची प्रसिद्ध छोटी चित्रंही त्यांचीच. चेरी यांनी खेळात एक खास कळही ठेवली होती. साहेब येताना दिसले की ती दाबायची आणि पडद्यावर कामाचं काहीतरी दिसायचं! कंपनीने ती काढायला लावली.

लोकांना ओढून सोडणं शिकवायलाच हा खेळ दिला होता, असं नेहमी सांगितलं जातं. त्यात हेतू किती आणि योगायोग किती, यावर वाद घालता येईल. पण खेळ उघडून बघा. पत्ता उलटायचा तर एक क्लिक. एक्का वर पाठवायचा तर दोन क्लिक. लाल नव्वा काळ्या दश्शीवर ठेवायचा तर दाबून धरा, ओढा, सोडा. चुकीच्या जागी सोडला तर पत्ता मुकाट्याने परत जागेवर जातो. कोणी ओरडत नाही, लाल रंगात ‘चूक’ असं येत नाही. परत करायचं, एवढंच. आपल्यापैकी किती जणांच्या तासाला मुलाला इतक्या वेळा न लाजता चुकता येतं, याचा विचार मी अनेकदा करते.

गणिताच्या दृष्टीने बघितलं तर पत्ते सात रांगांत मांडले जातात : पहिल्या रांगेत १, दुसऱ्या रांगेत २, असं करत सातव्या रांगेत ७. एकूण किती? मुलांना बेरीज करू द्या. २८ येतात. मग ५२ मधून २८ गेले की हातात किती उरले? २४. खालच्या रांगांमध्ये उतरता क्रम आणि एकाआड एक रंग, वरच्या चार ढिगांत चढता क्रम आणि एकच रंगचिन्ह. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक ही नावं मुलांना घरातून माहीत असतात. दुसरीच्या वर्गाला चढता-उतरता क्रम शिकवायला इतकं आयतं साहित्य दुसरं क्वचित मिळेल.

आता पालकांचा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे : “शाळेत पत्ते?” आपल्या गावात पत्ते म्हटलं की पाराखालचा अड्डा डोळ्यासमोर येतो. इथे पालकांना नीट सांगावं लागतं की सॉलिटेअरमध्ये समोर दुसरा खेळाडू नसतो आणि काही लावायचंही नसतं. पण एक गोष्ट आपण आधी बघून ठेवली पाहिजे. जुन्या सॉलिटेअरमध्ये गुण मोजण्याचा ‘व्हेगास’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात खेळ उणे ५२ डॉलरवर सुरू होतो आणि वर ठेवलेल्या प्रत्येक पत्त्याला ५ डॉलर मिळतात. खोटेच असले तरी ते पैसे आहेत. वर्गात खेळ उघडण्याआधी पर्यायांमध्ये जाऊन तो बंद करावा, गुण मोजणंच बंद केलं तर आणखी उत्तम. एवढं करूनही पालकांना पटत नसेल तर आग्रह धरू नये. पुढचा खेळ घ्यावा.

मोठ्यांनाही हा खेळ महाग पडलेला आहे बरं का. २००६ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी महापालिकेच्या एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर सॉलिटेअर बघितलं आणि त्याला नोकरीवरून काढून टाकलं. आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच ‘द स्ट्राँग’ या खेळांच्या संग्रहालयाने हाच खेळ जगातल्या निवडक व्हिडिओ गेमच्या मानाच्या यादीत बसवला.

माइनस्वीपर

माझा स्वतःचा कल विचाराल तर वर्गासाठी मी सॉलिटेअरच्या आधी माइनस्वीपर निवडेन. रॉबर्ट डोनर आणि कर्ट जॉन्सन यांनी तो लिहिला. आधी तो वेगळ्या विकत मिळणाऱ्या खेळसंचात होता, १९९२ च्या विंडोज ३.१ पासून तो संगणकासोबतच येऊ लागला. डावं बटण दाबलं की घर उघडतं, उजवं दाबलं की झेंडा लागतो. डाव्या-उजव्या बटणातला फरक मुलांना पाठ करून घ्यायला लागत नाही. एकदा झेंड्याऐवजी घर उघडलं की पुढच्या वेळी बोट आपोआप थांबतं.

नियम एका वाक्याचा. उघडलेल्या घरातला आकडा म्हणजे त्याला लागून असलेल्या आठ घरांत मिळून किती सुरुंग आहेत ते. बाकी सगळं तर्काने. आणि हा तर्क शिकवायला संगणकही लागत नाही, चौकटीची वही पुरते. फळ्यावर मी अशी मांडणी काढते :

वरची ओळ, सगळी घरं बंद : अ ब क ड इ

खालची ओळ, उघडलेली : ब च्या खाली १, क च्या खाली २, ड च्या खाली १

आणखी खालची सगळी घरं उघडलेली आणि रिकामी आहेत असं धरा. मुलांना विचारते, सुरुंग कुठे? पहिलं उत्तर बहुतेक वेळा ‘क’ येतं, कारण २ हा मोठा आकडा त्याच्या खाली आहे. चांगलं आहे, तेच धरून चालू. समजा क मध्ये सुरुंग आहे. मग डावीकडच्या १ ला त्याचा एक सुरुंग मिळाला, म्हणजे ब रिकामं. उजवीकडच्या १ लाही तोच सुरुंग मिळाला, म्हणजे ड रिकामं. आता मधल्या २ कडे बघा. त्याला लागून बंद घरं तीनच, ब, क आणि ड. त्यात सुरुंग सापडला एकच. त्याला तर दोन हवेत! म्हणजे आपलं ‘समजा’ चुकलं. क मध्ये सुरुंग नाहीच. मग दोन सुरुंग ब आणि ड मध्येच असणार. आणि ते तसे असतील तर दोन्ही बाजूंच्या १ चं काम भागलं, म्हणून अ आणि इ ही घरंही निर्धास्त उघडा.

चौथीच्या वर्गात हे झालं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, म्हणजे खोटं धरून खरं काढलं!” भूमितीत पुढे आठवी-नववीत ‘अप्रत्यक्ष सिद्धता’ अशा भारदस्त नावाने जे येतं ते हेच. नाव सांगायची घाई मी केली नाही.

अपूर्णांकांसाठीही इथे छान उदाहरण आहे. जुन्या माइनस्वीपरमध्ये सोप्या पातळीवर ८ गुणिले ८ घरं आणि १० सुरुंग असत. मधल्या पातळीवर १६ गुणिले १६ घरं आणि ४० सुरुंग. कोणती पातळी जास्त दाट? मुलं पटकन मधली म्हणतात, कारण ४० मोठा. पण १०/६४ आणि ४०/२५६ हे सममूल्य अपूर्णांक आहेत! दोन्हीकडे शंभर घरांत साधारण पंधरा-सोळा सुरुंग. नंतर विंडोज एक्सपीपर्यंत येताना सोपी पातळी ९ गुणिले ९ झाली, सुरुंग मात्र १० च राहिले. म्हणजे आता ८१ घरांत १०, शंभरात साधारण बारा. सोपी पातळी खरोखर सोपी झाली. अवघड पातळीवर १६ गुणिले ३० घरांत ९९ सुरुंग, म्हणजे जवळजवळ दर पाच घरांमागे एक. सातवीच्या शेकडेवारीला हे गणित घ्या, पुस्तकातल्या नफा-तोट्यापेक्षा मुलं जास्त जोराने भांडतात.

तर्काची ही वाट किती लांब जाते ते बघा. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाचे गणितज्ञ रिचर्ड के यांनी २००० मध्ये सिद्ध केलं, की दिलेल्या आकड्यांची मांडणी मुळात शक्य आहे की नाही हे ठरवण्याचा प्रश्न संगणकशास्त्रातल्या अतिकठीण प्रश्नांच्या गटात बसतो.

सुरुंग या कल्पनेवर काहींचा आक्षेप असतो. तोही मला समजतो, कारण जगात खऱ्या सुरुंगांनी आजही लहान मुलांचे पाय जातात. इटलीत यावरून मोहीमही झाली होती. विंडोज व्हिस्टामध्ये मग सुरुंगांच्या जागी फुलं दाखवायची सोय आली. वर्गात फळ्यावर खेळताना मी तर सरळ ‘लपलेली फुलं’ म्हणते. तर्क तोच राहतो.

फ्रीसेल, हार्ट्स आणि पिनबॉल

फ्रीसेल मोठ्या मुलांसाठी. यात ५२ च्या ५२ पत्ते सुरुवातीपासून उघडे असतात, नशीब असं काही नसतं, फक्त पुढचं बघून चालायचं. विंडोजवरचं फ्रीसेल जिम हॉर्न यांनी लिहिलं. त्यातले डाव क्रमांकाने ठरलेले होते, १ ते ३२०००. आपल्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच. ६१७ क्रमांकाचा डाव मागितला तर सगळ्या संगणकांवर पत्ते तेच येणार. म्हणजे सगळ्या वर्गाला एकच प्रश्न देता येतो आणि नंतर कोणी कसा सोडवला यावर बोलता येतं. १९९४-९५ मध्ये इंटरनेटवरच्या हौशी लोकांनी हे सगळे डाव आपापसांत वाटून घेतले आणि सोडवले. एकच उरला, क्रमांक ११९८२. तो सुटत नाही हे पुढे संगणकाच्या मदतीनेही पक्कं झालं. सहावी-सातवीच्या मुलांना हा क्रमांक सांगून बघा. ‘सुटत नाही’ म्हटल्यावर ती तोच डाव उघडतात.

हार्ट्स हा खेळ १९९२ च्या विंडोज फॉर वर्कग्रुप्समध्ये आला, एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर चौघांना मिळून खेळता येतं हे दाखवायला. वर्गात त्याचा फारसा उपयोग मला दिसत नाही.

पिनबॉलचं तसं नाही. शिक्षण म्हणाल तर त्यात कमीच, पण पुढच्या भागाकडे जायला तोच दरवाजा आहे. ‘स्पेस कॅडेट’ नावाचं ते टेबल १९९५ मध्ये विंडोज ९५ च्या प्लस नावाच्या जोडसंचात आलं आणि विंडोज एक्सपीपर्यंत टिकलं. मूळ खेळ सिनेमॅट्रॉनिक्स या दुसऱ्या कंपनीने तयार केला होता. व्हिस्टापासून तो गायब झाला. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी नंतर लिहिलं की ६४ बिटच्या संगणकासाठी खेळ तयार करताना चेंडू भुतासारखा सगळ्यातून आरपार जायला लागला. टक्कर ओळखणारा भाग त्या भल्यामोठ्या प्रोग्राममध्ये नेमका कुठे आहे, हेच त्यांना सापडेना. लिहिणारे लोक बाहेरचे आणि समजावून सांगणाऱ्या टिपा जवळजवळ नाहीत. आणखी एक गंमत चेन यांनीच सांगितली आहे. हा खेळ संगणकाला जमेल तितक्या वेगाने चित्रं काढत सुटायचा. संगणक वेगवान झाले तसा तो सगळी शक्ती खाऊ लागला. मग त्याला सेकंदाला १०० चित्रांवर बांधून ठेवावं लागलं.

प्रोग्राममध्ये काहीही बदललेलं नसताना केवळ खालचा संगणक बदलल्यामुळे तो बिघडतो, हे मुलांनाच काय, आपल्यालाही पटकन पटत नाही. आता त्याकडे वळू.

जुना प्रोग्राम नव्या संगणकावर का चालत नाही

सोलापूर-लातूरकडच्या वाचकांना बार्शी लाइट रेल्वे आठवत असेल. तिचे रूळ अरुंद होते आणि कुर्डुवाडीला मोठ्या रुळांची गाडी तिला भेटायची. एकाच स्टेशनात दोन्ही प्रकारचे रूळ. अरुंद रुळाची गाडी कितीही धडधाकट असली तरी मोठ्या रुळावर चढणार नाही. दोन्ही गाड्या चालवायच्या तर दोन्ही रूळ ठेवावे लागतात.

संगणकाचं असंच आहे. डॉसचे आणि विंडोज ३.१ चे खेळ हे १६ बिटचे, विंडोज ९५ नंतरचे बहुतेक ३२ बिटचे, आणि आजचा संगणक ६४ बिटचा. ३२ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटसाठी जुने रूळ शेजारी ठेवलेले होते. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचे रूळ आहेत, पण १६ बिटचे उखडून टाकले. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. म्हणून जुन्या सीडीवर दोन क्लिक केले की ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ अशा अर्थाची पाटी येते. सीडी खराब नसते, तिच्याखाली रूळ नसतात.

यात एक फसवा प्रकार आहे, तो लक्षात ठेवा. १९९५ ते २००० च्या काळातल्या बऱ्याच सीडींमध्ये खेळ ३२ बिटचा असतो, पण तो बसवणारा ‘सेटअप’ प्रोग्राम मात्र १६ बिटचा! सेटअप चालत नाही म्हणून आपण सीडी कपाटात टाकतो. अशा वेळी सीडी उघडून आत बघावं. खेळाची स्वतःची ईएक्सई फाइल दिसली तर अख्खा फोल्डर संगणकात उतरवून तीच फाइल थेट चालवून बघावी. कित्येकदा चालते.

चालली पण रंग विचित्र दिसले किंवा अर्धंच चित्र आलं, तर त्या फाइलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि कंपॅटिबिलिटी हा भाग बघा. ही सोय विंडोज एक्सपीपासून आहे. तिथे विंडोज ९५ किंवा एक्सपी असल्याचं नाटक करायला सांगता येतं, रंग २५६ वर आणता येतात, पडदा ६४० गुणिले ४८० चा करता येतो. मुलांच्या जुन्या सीडींना या शेवटच्या दोन गोष्टीच बहुधा लागतात.

डॉसचे खेळ असतील तर डॉसबॉक्स. हा मोफत प्रोग्राम २००२ पासून आहे आणि तो आपल्या संगणकाच्या पोटात एक अख्खा जुना संगणक उभा करतो. आज्ञा टाइप करायची भीती वाटत असेल तर सोपा उपाय आहे. खेळाची ईएक्सई फाइल ओढून डेस्कटॉपवरच्या डॉसबॉक्सच्या चित्रावर सोडा, खेळ सुरू होतो. (ओढून सोडणं इथेही आलंच!) खेळ फार पळायला लागला तर कंट्रोलसोबत एफ११ दाबून वेग कमी करा, वाढवायचा तर कंट्रोलसोबत एफ१२. माउस आत अडकला तर कंट्रोलसोबत एफ१०. जुन्या पीसीच्या डब्यावर ‘टर्बो’ नावाचं बटण असायचं, आठवतं? त्याचं खरं काम संगणक हळू करणं हेच होतं, कारण तेव्हाचे काही खेळ संगणकाच्या वेगावरच आपला वेग मोजत. पिनबॉलचीच गोष्ट, फक्त जरा आधीची.

काहीच बसवायचं नसेल तर इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर २०१५ पासून डॉसचे दोन हजारांहून जास्त खेळ ब्राउझरमध्येच खेळता येतात. शाळेतलं नेट कसं चालतं ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे घरी बसून पाहणी करायला हे जास्त बरं.

विंडोज ३.१ चा किंवा अगदीच हट्टी प्रोग्राम असेल तर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्राममध्ये जुनं विंडोज बसवावं लागतं. त्याला त्या विंडोजची अधिकृत सीडी आणि परवाना हवा आणि वेळही हवा. एका खेळासाठी मी एवढं करणार नाही. शाळेचं एखादं महत्त्वाचं साहित्य त्यात अडकलं असेल तर मात्र करण्यासारखं आहे.

आणि फ्लॅश. आपल्यापैकी अनेक शिक्षकांनी २०१० च्या आसपास स्वतः खपून मराठी प्रश्नमंजूषा, जोड्या लावा, शब्दकोडी असं बरंच काही फ्लॅशमध्ये केलं. फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्याने फाइली चालवणंच थांबवलं. त्या एसडब्ल्यूएफ फाइली फेकून देऊ नका. रफल नावाचा मोफत प्रोग्राम आहे, त्यात साध्या आणि जुन्या फाइली बहुतेक चालतात. सगळ्याच चालतील असं नाही, पण आधी तिथे टाकून बघा आणि मगच ‘गेलं’ म्हणा.

मग शाळेसाठी कोणता रस्ता?

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, जुने खेळ संगणकासोबत येणं बंद झालं. आता सॉलिटेअर मिळतं ते जाहिरातींसकट, आणि जाहिराती नको असतील तर पैसे भरा. ज्या खेळाने चुकू द्यायचं आणि गप्प बसायचं, तोच मधेच थांबून तिसरंच काहीतरी विकायला लागतो. सात वर्षांच्या मुलासमोर मी हे ठेवणार नाही.

विंडोज एक्सपीतले सॉलिटेअर, माइनस्वीपर आणि फ्रीसेल हे ३२ बिटचे असल्यामुळे नव्या विंडोजवर तांत्रिकदृष्ट्या चालतात. पत्त्यांच्या खेळांना सोबत पत्त्यांच्या चित्रांची एक वेगळी फाइल मात्र लागते. म्हणून पुष्कळ जण ते नेटवरून उतरवून घेतात. दोन कारणांनी शाळेने हे करू नये असं माझं मत आहे. एक तर ते खेळ एक्सपीचा भाग आहेत आणि एक्सपीचा परवाना त्या-त्या संगणकापुरता असतो. दुसरं, ‘जुने गेम मोफत’ म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवरून आलेल्या ईएक्सई फाइलमध्ये खेळासोबत आणखी काय आलं, हे आपण ओळखू शकत नाही. त्याच संगणकावर मुलांची माहिती भरायची असते, हे विसरू नका.

एक्सपीचा चालू संगणक शाळेत पडलाच असेल तर तो जरूर वापरा, पण नेटची वायर काढून. एक्सपीला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं ८ एप्रिल २०१४ लाच थांबलं. नेट नसलेला, खेळ आणि टायपिंगपुरता संगणक म्हणून तो पहिली-दुसरीला मजेत चालतो.

नव्या संगणकासाठी मी दोन नावं सुचवेन. लिनक्स असेल तर आयलरायट या मोफत खेळसंचात सॉलिटेअर आणि फ्रीसेल दोन्ही आहेत आणि नोम माइन्समध्ये माइनस्वीपर. विंडोज किंवा मोबाइल असेल तर सायमन टॅथम यांचा मोफत कोडीसंच बघा. त्यातल्या माइन्स या खेळाची खासियत अशी की प्रत्येक डाव निव्वळ तर्काने सुटेल असाच तयार होतो. मूळ माइनस्वीपरमध्ये कधी कधी शेवटी दोन घरं उरतात आणि नुसता अंदाज मारावा लागतो. दहा मिनिटं नीट विचार केलेलं मूल तिथे हरतं आणि ‘विचार करून उपयोग नाही’ असं शिकतं. इथे तसं होत नाही, म्हणून वर्गासाठी मूळ खेळापेक्षाही मला हा बरा वाटतो.

कपाटातल्या सीडी

प्रिन्स ऑफ पर्शिया आपल्यापैकी बऱ्याच जणांनी खेळला असेल. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, तोच. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली उतरवल्या. खेळ १९८९ मध्ये ॲपल २ या संगणकावर आला. त्याचा मूळ प्रोग्राम मात्र खुद्द मेकनर यांच्याकडेच नव्हता. २०१२ मध्ये वडिलांकडच्या सामानात जुन्या फ्लॉपींचा खोका सापडला, तेव्हा तो मिळाला. इतक्या वर्षांच्या फ्लॉपी वाचायला जाणकार आणि जुनी यंत्रं बोलवावी लागली.

आपल्या शाळेच्या कपाटातल्या सीडींसाठी कोणी जाणकार येणार नाही. बालगीतं, पाढे, नकाशे, टायपिंगचे फुगे फोडायचे खेळ, असं बरंच काही त्यात आहे आणि नव्या संगणकांना आता सीडी ड्राइव्हच नसतो. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह केंद्रात एक असला तरी दहा शाळांचं काम होतं. प्रत्येक सीडीची आयएसओ प्रतिमा करून घ्या, म्हणजे सीडी जशीच्या तशी एका फाइलमध्ये येते. नुसत्या फाइली कॉपी केल्या तर काही खेळ ‘सीडी घाला’ म्हणत बसतात, आयएसओ उघडली की त्यांना सीडी घातल्यासारखीच वाटते. विंडोज ८ पासून अशा फाइलवर दोन क्लिक केले तरी ती उघडते. फाइलच्या नावात इयत्ता, विषय आणि वर्ष लिहा, आणि एक प्रत मुख्याध्यापकांच्या संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर ठेवा. सीडीच्या कव्हरवर हाताने लिहिलेला क्रमांक असेल तर त्याचा फोटोही सोबत ठेवा, बसवताना तोच विचारला जातो.

आमच्या कपाटातल्या तेवीस सीडींपैकी सोळा आतापर्यंत उतरवून झाल्या. पाच राहिल्या आहेत, आणि दोन ड्राइव्हमध्ये नुसत्याच फिरतात.